चार माणसं आणि चौदा सर्व्हिसेस

*ताई, मी कोल्हापुरात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तीन वर्षं काम करतोय. आम्ही चौघं डेव्हलपर. एका दूध संघाच्या संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घालतात, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) यांची नोंद होते, दर लागतो, दर दहा दिवसांनी बिल निघतं. १८० केंद्रं आहेत, केंद्रामागे सरासरी १२० उत्पादक. सगळं जँगो या वेब-फ्रेमवर्कमध्ये लिहिलेल्या एका अ‍ॅप्लिकेशनमध्ये आणि एका पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये चालतं.*

*दोन महिन्यांपूर्वी मोठ्या कंपनीतून नवे टेक लीड आले. त्यांच्या नव्या डिझाइनमध्ये चौदा मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे सुटे चालणारे छोटे प्रोग्रॅम आहेत, त्यांच्यात निरोपांची ने-आण करायला मध्ये काफ्का, आणि ते सगळे चालवायला-सांभाळायला कुबरनेटिस. ‘एवढं लागेल का?’ असं मी मीटिंगमध्ये विचारलं, तर ते म्हणाले, ‘उद्या स्केल वाढलं की काय करशील?’ मला काही बोलता आलं नाही. मालक त्यांच्या बाजूने आहेत. सध्याच्या सिस्टिमच्या तक्रारीही खऱ्या आहेत: बिलाच्या दिवशी ती रखडते, कधी एकच नोंद दोनदा पडते, मागच्या तारखेपासून दर बदलला की हिशोब चुकतो. काही केंद्रांवर नेट जातं तेव्हा तर वहीच काढावी लागते.*

*मी जुनाट विचार करतोय का? आणि साध्या सिस्टिमवरच काम करत राहिलो तर पुढच्या इंटरव्ह्यूत काय सांगू? मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे, मला अरे-तुरेच करा.*

*– एक वाचक, कोल्हापूर*

प्रिय मित्रा,

तू विचारलेला प्रश्न बरोबर होता, फक्त त्याच्याबरोबर आकडे नव्हते. ‘एवढं लागेल का?’ याला ‘उद्या लागेल’ हे उत्तर कुणीही देऊ शकतं, आणि मग जो जास्त अनुभवी त्याचं खरं ठरतं. म्हणून आधी कागद-पेन घेऊन बसू.

१८० केंद्रं, प्रत्येकी १२० उत्पादक, म्हणजे २१,६०० उत्पादक. दोन वेळा दूध, म्हणजे दिवसाला ४३,२०० नोंदी. सकाळचं संकलन दोन तास चालतं असं धरलं तर सेकंदाला तीन नोंदी होतात. सगळ्या जिल्ह्याने एकाच अर्ध्या तासात दूध घातलं असं मानलं, तरी सेकंदाला बारा. संघ दहापट मोठा झाला, तर एकशेवीस. साध्या भाड्याच्या सर्व्हरवरचं पोस्टग्रेस अशा छोट्या नोंदी सेकंदाला हजारांनी घेतं. साठवणीचंही बघ. वर्षाला साधारण १ कोटी ५८ लाख ओळी. एक ओळ दीडशे बाइटची धरली तर दोन-अडीच जीबी, इंडेक्स (लवकर शोधता यावं म्हणून डेटाबेस ठेवतो ती सूची) धरून थोडं जास्त. पाच वर्षांचं दूध तुझ्या खिशातल्या फोनमध्ये मावेल.

तेव्हा ‘उद्या स्केल वाढलं की’ याचं उत्तर असं, की आजच्या दहापट वाढलं तरी ही रचना पुरते. आणि संघ दहापट व्हायला माणसं, गोठे, टँकर, चिलिंग सेंटर लागतात. ते एका रात्रीत होत नाही, तुम्हाला कळवूनच होईल.

मोठ्या आकड्यांची भीती वाटते, म्हणून एक उदाहरण. २०१६ च्या फेब्रुवारीत स्टॅक ओव्हरफ्लोने आपल्या यंत्रणेचा तपशील उघड केला होता. दिवसाला वीस कोटींहून जास्त विनंत्या, आणि त्यासाठी अकरा वेब सर्व्हर, चार एसक्यूएल सर्व्हर, कॅश आणि शोधासाठी आणखी थोडी यंत्रं. अ‍ॅप्लिकेशन मुख्यतः एकच. जगभरचे प्रोग्रॅमर अडलं की जिथे धाव घेत होते, ती जागा एवढ्यावर चालत होती.

दुसरं उदाहरण प्राइम व्हिडिओचं. ते सांगताना लोक बरंच वाढवून सांगतात, म्हणून नीट सांगते. चालू प्रक्षेपणात चित्र फुटतंय का, आवाज मागे-पुढे होतोय का, हे तपासणारं एक साधन त्यांच्या एका टीमने बनवलं होतं. पूर्ण प्राइम व्हिडिओ नव्हे, फक्त हे एक साधन. ते छोट्या-छोट्या सुट्या भागांत होतं. एक भाग चित्रं काढून साठवणीत टाकायचा, दुसरा ती तिथून उचलून तपासायचा. अपेक्षित भाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच ते अडलं, कारण कामापेक्षा निरोपांची ने-आण जास्त होती. त्यांनी सगळे भाग एकाच प्रोसेसमध्ये आणले आणि २०२३ मध्ये जाहीरपणे लिहिलं, की खर्च नव्वद टक्क्यांनी उतरला. ज्यांच्याकडे अवघड रचना उभारायला माणसं आणि पैसा दोन्ही होतं, त्यांनीही मोजून बघितल्यावर सरळ रस्ता धरला.

आता तुझ्या चार तक्रारींकडे येते. माझा जीव खरा त्यांच्यात अडकलाय, कारण प्रत्येक तक्रारीमागे कुणीतरी किटली घेऊन रांगेत उभं आहे.

बिलाच्या दिवशी सिस्टिम रखडते म्हणतोस. दहा दिवसांच्या वीस वेळा, २१,६०० उत्पादक, म्हणजे ४,३२,००० ओळींची बेरीज. पोस्टग्रेसला एका क्वेरीत हे काही सेकंदांचं काम आहे. मग वेळ जातो कुठे? मी कोड पाहिलेला नाही, पण जँगोत हे इतक्या वेळा पाहिलंय की पैज लावायला तयार आहे: लूप फिरतोय, आणि प्रत्येक नोंदीसाठी दर शोधायला डेटाबेसकडे वेगळी फेरी होतेय. एका फेरीला दोन मिलिसेकंद धरले तरी चार लाख बत्तीस हजार फेऱ्यांना चौदा मिनिटांच्या वर लागतात. नव्या डिझाइनमध्ये ‘दर’ ही वेगळी सर्व्हिस आहे ना? लूप तसाच राहिला आणि नेटवर्कवरून प्रत्येक फेरीला दहा मिलिसेकंद लागले, तर तेच बिल बहात्तर मिनिटांवर जाईल. हा हिशोब लीडना जरूर दाखव. इथे वाद मतांचा राहत नाही.

उपाय असा. बेरीज डेटाबेसलाच एका क्वेरीत करू दे. उत्पादक आणि तारीख यांवर इंडेक्स आहे का, ते, क्वेरी आतून कशी चालते हे दाखवणारं एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवून बघ. बिल काढण्याचं काम ब्राउझरच्या विनंतीत करू नका, मागे चालू द्या. त्यासाठीही वेगळी रांग-यंत्रणा आणायची गरज नाही. त्याच पोस्टग्रेसमध्ये ‘कामं’ नावाचं एक टेबल करा, आणि दोन वर्करनी एकच काम उचलू नये म्हणून स्किप लॉक्ड (दुसऱ्याने धरलेली ओळ सोडून पुढची घेण्याची सोय) वापरा. ही सोय पोस्टग्रेसमध्ये २०१६ पासून आहे. शेअर दलाली करणारी झीरोधाही आपल्या ग्राहकांचे रिपोर्ट असेच मागे काढून देते. विनंत्या रांगेत लागतात, उत्तरं वेगळ्या पोस्टग्रेसमधल्या तात्पुरत्या टेबलांत पडतात. दिवसभरात अशी लाखो टेबलं होतात, आणि रात्री तो सगळा डेटाबेस पुसून टाकतात. पाहायला ओबडधोबड वाटतं, पण त्यांनी ते विचारपूर्वक निवडलंय आणि मोकळेपणाने लिहिलंय.

नोंद दोनदा पडते, ही माझ्या मते सगळ्यात गंभीर तक्रार. केंद्रावरून नोंद गेली, सर्व्हरने घेतली, पण ‘मिळाली’ हा निरोप परत येता-येता नेट गेलं. केंद्रावरच्या मशीनला वाटलं नोंद गेलीच नाही, तिने पुन्हा पाठवली. उपाय तीन ओळींचा आहे. काट्यावर माप झालं त्याच क्षणी, केंद्रावरच्या मशीनने त्या नोंदीला एक यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही नोंदीला न मिळणारा क्रमांक, द्यायचा. पुन्हा पाठवली तरी तोच यूयूआयडी जाणार. डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन, आणि दुसऱ्यांदा आली तर मुकाट्याने ‘मिळाली’ म्हणायचं. नोंद, दर आणि रक्कम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिली जातात, त्यामुळे अर्धवट काही राहत नाही.

हेच चौदा सर्व्हिसेसमध्ये करून बघ. नोंदीची सर्व्हिस लिहून मोकळी झाली, दराच्या सर्व्हिसने वेळेत उत्तर दिलं नाही, मेसेज पुन्हा आला, आणि बिलाच्या सर्व्हिसने दोन्ही मोजले. यावर तोडगे आहेत, चांगले आहेत, पण ते प्रत्येक सर्व्हिसमध्ये स्वतंत्रपणे बसवावे लागतात. तुम्ही चौघं आहात. सकाळी सात वाजता केंद्राच्या सेक्रेटरींचा फोन येईल: ‘म्हशीचं दूध आहे, पावतीवर फॅट ६.८ आहे आणि दर गाईचा लागलाय, माणूस समोर उभा आहे.’ त्या वेळी तुला एक लॉग उघडायचाय की सहा लॉग वेळा जुळवत वाचायचेत, ते आत्ता ठरवा.

मागच्या तारखेपासून दर बदलतो, इथे मात्र विषय खरोखर अवघड आहे, आणि इथे डोकं खर्च करायला हवं. दरपत्रक कधीही खोडू नका. प्रत्येक दरपत्रकाला ‘कधीपासून लागू’ ही तारीख द्या, आणि ते आपल्याकडे कधी आलं ती तारीख वेगळी ठेवा. प्रत्येक नोंदीवर त्या वेळी लागलेला दर लिहून ठेवा. दर मागच्या तारखेने बदलला तर जुनी नोंद बदलायची नाही, फरकाची वेगळी नोंद टाकायची. तुमच्याकडे दिवाळीला दूध दराचा फरक मिळतोच. उत्पादकाला ‘फरक’ हा शब्द आणि त्यामागचा हिशोब तोंडपाठ असतो. सॉफ्टवेअरने त्याच्याच पद्धतीने हिशोब ठेवला, तर तो त्याला समजावूनही सांगता येतो. आणि हो, लिटर, फॅट, रक्कम यांपैकी काहीही फ्लोटमध्ये ठेवू नका, त्यात दशांश अंदाजे साठतात. डेसिमल वापरा. पैशा-पैशाची गळती वर्षाअखेरीला कुणाच्या तरी खात्यात दिसते.

राहिलं नेट. दूध थांबत नाही, आणि गवळणीला ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणून परत पाठवता येत नाही. केंद्रावरच्या मशीनवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस ठेवा, नोंद आधी तिथे पडू दे, पावती तिथेच निघू दे, आणि लाइन आली की मागून वर जाऊ दे. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये हाच डेटाबेस असतो, २००० सालापासून तो सुधारत आलाय. या भागात गुंतागुंत वाढेल. मशीनचं घड्याळ चुकलेलं असेल, दरपत्रक जुनं असेल. ती गुंतागुंत घ्या, कारण ती दुधाच्या धंद्यातच आहे. तुमची चार माणसांची ताकद तिथे लागली पाहिजे, चौदा सर्व्हिसेस जिवंत ठेवण्यात नको.

मी हे ठामपणे सांगते, त्यामागे माझी एक चूक आहे. २००६ साली मी एका पतसंस्थेच्या ठेवींच्या व्याजाचं काम करत होते. ज्येष्ठ नागरिकांना जास्त दर, मुदतीआधी ठेव मोडली तर कमी, असे मोजके नियम होते. मला वाटलं, नियम कोडमध्ये कशाला? ते एक्सएमएल फाइलमध्ये ठेवू, म्हणजे उद्या कुठलाही नियम आला तरी कोडला हात लावायला नको. ती फाइल वाचणारं इंजिन मी साडेतीन महिने खपून लिहिलं. प्रत्यक्षात नियम वर्षातून एखाद्या वेळी बदलायचे, आणि बदलले की मलाच बोलवावं लागायचं, कारण त्या फाइलची भाषा मीच घडवलेली. पुढे मी नोकरी सोडली. नंतरच्या ३१ मार्चला मुदतीआधी मोडलेल्या ठेवींवरही पूर्ण व्याज जमा झालं. दोन नियम एकाच ठेवीला लागत होते, आणि कुठला जिंकणार हे फाइलमधल्या क्रमावर ठरत होतं. माझ्या जागी आलेल्या मुलीचा रात्री अकराला फोन आला. ती रडकुंडीला आली होती, आणि मलाही माझं इंजिन फोनवरून समजावता येईना.

नंतर तिने ते सगळं काढलं आणि एक सरळ फंक्शन लिहिलं, सव्वादोनशे ओळींचं. वरून खाली वाचत गेलं की व्याज कसं निघतं ते कळतं. तिने ते शाखाधिकाऱ्यांना शेजारी बसवून वाचून दाखवलं, आणि त्यांनी त्यातली एक चूक पकडली. ज्यांना कोड येत नाही त्यांनी! माझ्या इंजिनात ती चूक दोन वर्षं कुणालाच दिसली नव्हती. ते फंक्शन तिने मला पाठवलं होतं, अजून माझ्याकडे आहे.

संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हेच मांडलं होतं: एक रचना इतकी साधी असते की तिच्यात दोष नाहीत हे उघड दिसतं, आणि दुसरी इतकी गुंतागुंतीची, की तिच्यात उघड दिसणारे दोष नसतात. पहिली करणं जास्त अवघड आहे, असंही ते म्हणाले होते. म्हणून साधं म्हणजे कसंतरी उरकलेलं, असा अर्थ कुणी काढू नये. सध्याच्या जँगोतच नोंद, दर, बिल, एसएमएस यांचे कप्पे वेगळे करा. एका कप्प्याने दुसऱ्याच्या टेबलात परस्पर हात घालायचा नाही, ठरलेल्या फंक्शनमधूनच मागायचं. एवढी शिस्त पाळली, तर उद्या एखादा कप्पा उचलून बाहेर ठेवणं जमेल. चौदा तुकडे पुन्हा एकत्र आणणं मात्र फार जड जातं.

तुझ्या लीडबद्दलही थोडं बोलते. त्यांना चुकीचा माणूस समजू नकोस. काफ्का लिंक्डइनमध्ये तयार झालं आणि २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, कुबरनेटिस गुगलने २०१४ मध्ये खुलं केलं. दोन्ही उत्तम साधनं आहेत. दोनशे डेव्हलपरच्या वीस टीम एकाच कोडवर काम करतात, तेव्हा एकाचं रिलीज दुसऱ्यासाठी अडतं. तिथे सर्व्हिसेस वेगळ्या करणं शहाणपणाचं असतं. संस्था जशी एकमेकांशी बोलते तशीच तिची सिस्टिम घडते, हे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय. तुझे लीड तशा जागेवरून आले असतील, तर त्यांनी तिथे हे यशस्वी झालेलं पाहिलं असणार. तुम्ही चौघं एका टेबलाभोवती बसता, एवढाच फरक आहे. आणि सध्याची सिस्टिम दुखतेय हे त्यांनी बरोबर ओळखलंय, ते श्रेय त्यांना मनापासून दे.

पुन्हा भर मीटिंगमध्ये विषय काढू नकोस. सगळ्यांसमोर माघार घेणं कुणालाच सोपं नसतं. एकटा जा, एक पान घेऊन जा. त्यावर वरचा हिशोब, चारही तक्रारी, आणि प्रत्येकीला किती दिवस लागतील ते. मग एवढंच माग: ‘सर, मला दोन आठवडे द्या, बिलाचा आणि दुहेरी नोंदीचा प्रश्न आहे त्याच सिस्टिममध्ये सोडवून दाखवतो. नाही जमलं तर तुमचं डिझाइन.’ त्याच पानावर, कुठला आकडा गाठला की वेगळी सर्व्हिस करायची, हेही दोघांनी मिळून लिहा. समजा सेकंदाला पाचशे नोंदी, किंवा डेव्हलपर बारा झाले तर. म्हणजे त्यांची शंका धुडकावली असं होत नाही, तिला तारीख आणि माप मिळतं.

त्यांनी तरी नाही म्हटलं, तर तो निर्णय त्यांचा. पण मग चौदा एकदम काढू नका एवढा आग्रह धर. एसएमएसची सर्व्हिस आधी बाहेर काढा. ती पडली तर निरोप उशिरा जाईल, बिल चुकणार नाही. तीन महिने ती सांभाळा आणि मग पुढचं बोला.

इंटरव्ह्यूचं भय खरं आहे, ते मी उडवून लावणार नाही. काही ठिकाणी बायोडेटात ठरावीक शब्द नसले की तो बाजूला पडतो. म्हणून काफ्का शीक, कुबरनेटिस शीक, घरच्या लॅपटॉपवर, दोन-चार रविवार घालवून. उत्पादकांच्या बिलावर शिकू नकोस. आणि आत कोण बसलेलं असतं तेही सांगते, कारण गेली कित्येक वर्षं मी त्या बाजूला बसतेय. ‘आम्ही काफ्का वापरलं’ म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारते, ‘का?’ बहुतेक जण तिथेच थांबतात. तू आलास आणि म्हणालास, ‘बिलाला आधी इतका वेळ लागायचा, मी मोजलं, लूपमधल्या फेऱ्या सापडल्या, आता इतका लागतो, दुहेरी नोंदी यूयूआयडीने थांबवल्या, काफ्काचा विचार केला होता, या आकड्यांमुळे घेतलं नाही,’ तर मी खुर्ची पुढे ओढून ऐकेन. त्यासाठी आजपासून आधीचे आणि नंतरचे आकडे लिहून ठेव. दुरुस्ती झाल्यावर आधीचा आकडा कुणालाच आठवत नाही.

एका सकाळी एखाद्या केंद्रावर जाऊन उभा राहा, जमलं तर लीडनाही घेऊन जा. सेक्रेटरी कुठे अडतात, वही केव्हा बाहेर काढतात, पावती हातात पडेपर्यंत बाई किती वेळ थांबते, ते दोघांनी मिळून बघा.

आणि एक काम मात्र कुणाची परवानगी न मागता याच आठवड्यात कर. तुझ्या एवढ्या सविस्तर पत्रात बॅकअपचा शब्दही नाही, त्याची मला काळजी लागलीय. परवाचा बॅकअप घे, दुसऱ्या रिकाम्या मशीनवर चढव, आणि एका केंद्राचं मागच्या दहा दिवसांचं बिल त्यातून काढून खऱ्या बिलाशी पडताळून बघ. जुळलं की मला कळव. नाही जुळलं तर आधी कळव.

तुझी ताई